दुसऱ्या बाटलीतला श्वास

धुकं सकाळीच उठेल, जेवायच्या वेळेपर्यंत तरी उठेल, असं म्हणता म्हणता दुपार झाली आणि ते उलट आणखीच खाली बसलं. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंची सुट्टी होती. घरी निवांत वाचत पडावं म्हणून पुस्तक उघडलं, तर चष्मा सापडेना. तो आदल्या दिवशी दवाखान्यातल्या टेबलावरच राहिला होता. दवाखाना काही लांब नव्हता. अंगाभोवती शाल लपेटून त्या निघाल्या. चष्मा उचलायचा, माईंच्या हातचा चहा घ्यायचा आणि घरी परतायचं, एवढाच बेत.

रस्ता रोजचाच, पण त्या दिवशी ओळख दाखवत नव्हता. भरदुपारी दिवे लागलेले, आणि त्यांचा उजेड आपल्याच खांबापुरता. शेजारून एक सायकल घंटी वाजवत गेली, पण ना सायकल दिसली ना माणूस. घंटी आली आणि गेली. डॉक्टरीणबाई स्वतःशीच हसल्या आणि पावलं जरा झपझप टाकू लागल्या.

दवाखाना दुमजली. वरच्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला, अपुऱ्या दिवसांच्या बाळांची खोली होती. बारा महिने ती गरम ठेवावी लागे, म्हणून सगळे तिला उबेची खोली म्हणत. तिथलं राज्य माईंचं. माई म्हणजे मोठ्या सिस्टर. व्हरांड्यात त्यांचा आवाज फाटकापर्यंत पोचायचा, वॉर्डबॉय जिन्याखाली लपायचे. पण त्या खोलीचं दार ओलांडलं, की त्याच माई इतकं हळू बोलायच्या की नवख्या माणसाला वाटावं, ही दुसरीच कुणी बाई आहे.

"चष्मा न्यायला आलात ना?" माई म्हणाल्या. "आता चष्मा लावा आणि इथेच बसा. तुमच्या घरी फोन लावतच होते मी. खाली एक आलीये. सातवा नुकता लागलाय. जुळं आहे."

"थांबवता येणार नाही?"

"त्याची वेळ गेली."

माईंनी दोन पलंग आधीच तापत ठेवले होते. पलंग कसले, वर हीटर लावलेले काचेच्या कडांचे दोन ट्रे. दोन्हींच्या शेजारी नळ्या, आणि नळ्यांच्या टोकाला पाणी भरलेली एकेक बाटली.

ही बाटली काय करते, ते सांगायला हवं. पोटात असताना बाळाला श्वास घ्यावा लागत नाही, त्यामुळे फुप्फुसांना घाई नसते. आतले लाखो बारीक फुगे उघडे ठेवणारं एक बुळबुळीत द्रव्य असतं, ते पुरेसं तयार होतं ते शेवटच्या महिन्यांत. बाळ आधीच बाहेर आलं, तर ओल्या पिशवीच्या बाजू एकमेकींना चिकटाव्यात तसे ते फुगे श्वास सोडला की चिकटून बसतात. प्रत्येक श्वास म्हणजे कोऱ्या फुग्यात पहिली फुंकर मारण्याइतके कष्ट. म्हणून नाकात दोन मऊ नळ्या बसवून सतत हलक्या दाबाने हवा आत ठेवायची, म्हणजे फुगे मिटत नाहीत. नळीचं दुसरं टोक पाण्यात बुडवायचं. ते जेवढं खोल, तेवढा दाब. पाण्यात बुडबुडे येत राहिले, की समजायचं हवा पोचतेय. एवढुसं ते यंत्र, पण त्याच्या बुडबुड्यांवर जगलेली पोरं आता त्याच रस्त्याने शाळेत जात होती. त्यातली काही माईंना ओळखही दाखवत नव्हती, आणि त्याचाच माईंना अभिमान होता.

आधी मुलगा आला. त्याने श्वास घेतलाच नाही. डॉक्टरीणबाईंनी जे जे करता येतं ते सगळं केलं, आणि करायचं संपल्यावरही थोडा वेळ करत राहिल्या. त्याचं हृदय काही वेळ चाललं आणि मग थांबलं. त्याच्यासाठी भरून ठेवलेली बाटली तशीच राहिली.

तोवर मुलगी आली होती. तळहातावर मावेल एवढी. श्वास सोडताना कण्हत होती, आणि घेताना तिची छाती आत ओढली जात होती, इतकी की बरगड्यांखाली खळगा पडे. फ्रिजमध्ये त्या द्रव्याची एकच कुपी होती. गवताच्या काडीएवढी नळी तिच्या श्वासनलिकेत घालून ते औषध आत सोडायचं होतं. हुकलं तर दुसरी कुपी नव्हती. माई पुढे कित्येकदा सांगायच्या, "मी खूप हात पाहिले. पण दुःखातून नुकताच बाहेर आलेला हात इतका स्थिर असू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं." औषध गेलं. नाकात नळ्या बसल्या. पहिल्या बाटलीत बुडबुडे सुरू झाले. तिचं कण्हणं हळूहळू थांबलं.

मोठ्या इस्पितळाची गाडी मागवली, तर तिकडून निरोप आला की वळणांच्या रस्त्यावर हातभर अंतरावरचं दिसत नाही. धुकं उठलं की निघतो.

बाप पावाच्या भट्टीवर कामाला होता. कोपरापर्यंत पीठ लागलेल्या हातांनी तसाच धावत आला होता. डॉक्टरीणबाईंनी त्याला शेजारच्या छोट्या खोलीत बसवून सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "त्याला जरा घेऊन बसू का?" माईंनी मुलाला स्वच्छ दुपट्यात गुंडाळून त्याच्या मांडीवर दिलं. आईलाही सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत राहिली, आणि मग म्हणाली, "मुलीकडे न्या मला." वॉर्डबॉयनी तिला खुर्चीत बसवून वर आणलं.

मुलगी तशी बरी होती, पण मधेच श्वास घ्यायला विसरायची. इतक्या लवकर आलेली बाळं विसरतातच. मेंदूला सवय नसते. मॉनिटर किणकिणला, की माई तिच्या तळपायाला बोटाने हळूच टिचकी मारायच्या, "ए आळशे, घे की," आणि ती दचकून श्वास घ्यायची.

मग वीज गेली.

जनरेटर सुरू झाला, दोनदा खोकला आणि बंद पडला. हीटर विझले. मॉनिटर काळा झाला. हवा देणारं यंत्र थांबलं. डॉक्टरीणबाईंनी नळी झटकन ऑक्सिजनच्या सिलिंडरला जोडली, आणि बुडबुडे पुन्हा सुरू झाले. उबेसाठी मुलीला आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं, वरून शाल घातली. आई खुर्चीत मागे रेलून बसली, पाठ दुसऱ्या पलंगाकडे. खिडक्यांबाहेर नुसतं पांढरं. उजेड होता, पण तो कुठून येतो ते कळत नव्हतं. कशाचीच सावली पडत नव्हती. खोलीत तापलेल्या प्लॅस्टिकचा, स्पिरिटचा आणि ओलसर लोकरीचा वास कोंडून राहिला होता.

आता मॉनिटर नव्हता. डोळे मुलीच्या पाठीवर आणि कान बुडबुड्यांवर, एवढंच हातात होतं.

पहिल्यांदा डॉक्टरीणबाईंना वाटलं, आवाज घुमतोय. एका बाटलीचे बुडबुडे सलग, उकळत्या पाण्यासारखे. आणि त्यांच्या मागे दुसरे. तुटक. चार आले, थांबले. पुन्हा तीन आले.

त्यांनी मान वळवली. दुसऱ्या पलंगाशेजारच्या बाटलीत पाणी हलत होतं.

माईंनी ती चालू ठेवली असेल, असं म्हणून त्या उठल्या. व्हॉल्व्ह बंद होता. हवा आणणारी नळी कशालाच जोडलेली नव्हती. नाकात बसवायचं टोक रिकाम्या चादरीवर पडलं होतं. डॉक्टरीणबाई तिथेच खिळून बघत राहिल्या. पाण्यात एक बुडबुडा आला. मग दोन. हवा नुसती सुटत असती तर एकसारखी सुटली असती. हे तसं नव्हतं. हे कुणीतरी सोडत होतं, आणि मधे थांबून घेत होतं.

"माई..."

"तिकडे बघू नका," माई मुलीवरची नजर न काढता म्हणाल्या. "इकडे बघा. ही थांबलीये."

मुलीची पाठ हलत नव्हती. माईंनी टिचकी मारली. काही नाही. दुसऱ्यांदा मारायला बोट उचललं, तोच मागून बाटलीत मोठ्ठा बुडबुडा फुटला. मुलीने अंग आखडलं आणि श्वास घेतला.

थोड्या वेळाने पुन्हा तेच. ती थांबली, मागे बुडबुडा फुटला, तिने श्वास घेतला. आधी तो, मग ती. दर वेळी.

"तुम्हाला कधीपासून..." डॉक्टरीणबाईंनी कुजबुजत विचारलं.

"वीज गेली तेव्हापासून. तुम्हाला कशाला घाबरवायचं, म्हणून बोलले नाही."

तेवढ्यात आई बोलली. डोळे मिटलेलेच होते. "मॅडम, मला दोघांचा आवाज येतोय."

माईंनी मुलीवरची शाल सारखी केली.

"पोटातही असंच होतं," ती पुढे म्हणाली. "ही निपचित पडली ना, की तो लाथ मारायचा. मग ही हलायची. मी ह्यांना म्हणायचे, हिचं कसं होणार, हिला सारखं उठवायला लागतं..."

डॉक्टरीणबाईंना पळून जावंसं वाटलं, हे त्या पुढे मोकळेपणाने सांगायच्या. पण पाय हलले नाहीत, आणि हलले असते तरी त्या गेल्या नसत्या. आईच्या छातीवर तो इवलासा जीव एकेक श्वास ओढून आणत होता. मोठी माणसं ज्याची नोंदही घेत नाहीत, ते काम तो सगळं अंग पणाला लावून करत होता. इतकी चिवट गोष्ट आपण आजवर पाहिली नाही, असं त्यांना वाटलं. भीती वाटतच होती. पण तिथेच बसून राहावंसंही वाटत होतं.

मग सिलिंडर संपत आला. बुडबुडे मंदावले. कोपऱ्यात भरलेला दुसरा सिलिंडर होता. डॉक्टरीणबाईंनी तो कलता करून गडगडत आणला, पाना लावला, तर नट जागचा हलेना. गंजला नव्हता, नुसता अडून बसला होता. पहिल्या बाटलीतला शेवटचा बुडबुडा फुटला आणि पाणी स्थिर झालं.

"मी देते, तुम्ही ते बघा," माई म्हणाल्या. हाताने दाबायची छोटी पिशवी घेऊन त्यांनी मुलीच्या तोंडावर मास्क धरला. पण एवढ्याशा चेहऱ्यावर, आईच्या छातीवर, तो नीट बसेना. एकदा हवा आत जाई, एकदा बाजूने निसटे. मुलीचे ओठ निळसर होऊ लागले.

आणि मागची बाटली उसळली.

बुडबुडे आता तुटक नव्हते. एकामागून एक, घाईघाईने, कुणी जिवाच्या आकांताने धावताना धापा टाकाव्यात तसे. पाणी बाटलीच्या तोंडातून उडून चादरीवर पडत होतं. आईने डोळे उघडले नाहीत. ती त्या आवाजाबरोबर स्वतः मोठमोठ्याने श्वास घेऊ लागली. तिची छाती वर जायची, तिच्याबरोबर मुलगी वर जायची. माईंनी पिशवी त्याच तालावर दाबायला सुरुवात केली. खोलीत तीन श्वास चालले होते आणि त्यांतला एक कुणाचाच नव्हता.

मुलीने एक उचकी दिली. मग श्वास. मग आणखी एक.

नट फिरला. डॉक्टरीणबाईंनी व्हॉल्व्ह उघडला, आणि पहिल्या बाटलीत पुन्हा ते सलग, उकळल्यासारखे बुडबुडे सुरू झाले. त्या जमिनीवर बसल्या. मागच्या बाटलीतला आवाज हळू झाला, पण थांबला नाही.

दारात बाप उभा होता. हातात दुपट्यात गुंडाळलेला मुलगा.

"मॅडम... हा गरम लागतोय."

डॉक्टरीणबाई उठल्या. मुलाच्या छातीवर दोन बोटं ठेवली आणि पुष्कळ वेळ तशीच ठेवली. काही नव्हतं. डोळ्यांत टॉर्चचा उजेड टाकून पाहिलं. काही नव्हतं. पण अंग कोमट होतं, आणि कपाळावर घामाचे बारीक थेंब होते, कष्ट करून दमलेल्या माणसाला येतात तसे. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाला घाम येत नाही. त्यांना हे पक्कं ठाऊक होतं.

"तो नाहीये हो," त्या म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार.

"ठाऊक आहे मला," बाप म्हणाला. "पण गरम आहे." त्याने पीठ लागलेल्या मनगटाने मुलाचं कपाळ पुसलं आणि तो परत जाऊन बसला.

डॉक्टरीणबाई दुसऱ्या पलंगाशी आल्या. बाटली ओतून टाकावी म्हणून त्यांनी हात पुढे केला. माईंनी तो धरला.

"माई, हे बरोबर नाही."

"नसेल. पण ती श्वास घेतेय."

"आणि मग... तो थांबलाच नाही तर?"

माईंनी चादरीवर पडलेलं नळीचं टोक उचललं. त्यावर आतून वाफ धरली होती. खिशातला कापूस काढून त्यांनी ती पुसली. नळीला मुडप पडली होती, ती सरळ केली. टोक परत चादरीवर ठेवलं, उशीच्या जागी, बाळाचं नाक जिथे असतं तिथे. ज्या हातांनी त्यांनी आजवर इतकी पोरं सांभाळली, त्याच हातांनी, तेवढ्याच काळजीने. मग त्या मुलीच्या तळपायाशी परत येऊन बसल्या.

धुकं संध्याकाळच्या सुमारास फाटलं. गाडी आली. मुलगी, आई आणि पहिली बाटली घेऊन डॉक्टरीणबाई तिच्यात बसल्या. माई मागे राहिल्या. गाडी वळणापलीकडे गेली तरी दुसऱ्या बाटलीतले बुडबुडे चालू होते, असं त्यांनी नंतर सांगितलं. मग मधली अंतरं वाढत गेली. शेवटचा बुडबुडा आल्यावर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या, पण पुढचा आला नाही. शेजारच्या खोलीत बाप म्हणाला, "आता गार झाला."

मोठ्या इस्पितळात मुलगी पुष्कळ दिवस राहिली. वजन गुंजभर वाढायचं, गुंजभर कमी व्हायचं. तिथल्या लोकांनीही तिच्यासाठी रात्रीचा दिवस केला. पण एक गोष्ट तिथल्या सिस्टरांना नवलाची वाटायची. इतक्या लहान बाळाला श्वास विसरण्याची खोड असायलाच हवी, आणि ह्या मुलीला ती नव्हती. एकदाही मॉनिटर किणकिणला नाही. एके सकाळी नाकातल्या नळ्या काढल्या, आणि ती आपली आपण श्वास घेत झोपून राहिली, जणू हे तिला कायमच येत होतं.

डॉक्टरीणबाईंनी तिला पुन्हा पाहिलं ते उन्हाळ्यात. खिडक्या सताड उघड्या, टेबलावर ऊन. आई तिला कडेवर घेऊन आली, मागून बाप, हातात पावाची गरम पिशवी. मुलगी चांगली गुबगुबीत झाली होती. आल्या आल्या तिने माईंची टोपी ओढली.

"ए आळशे," माई म्हणाल्या आणि त्यांनी टोपी तिच्या हातात देऊन टाकली.

"आळशी कसली, दिवसभर भांडते," आई म्हणाली. "झोपेतसुद्धा कुणाशी तरी हसते."

डॉक्टरीणबाईंनी तिला टेबलावर निजवलं. हात तपासले, पाय तपासले. स्टेथोस्कोपची चकती तळहातावर घासून गरम केली आणि तिच्या छातीवर ठेवली. दोन्ही बाजूंनी हवा सुरेख जात होती. कुठे घरघर नाही, कुठे ओढ नाही. त्या वेळी जी छाती खळग्यासारखी आत जायची, ती आता पडद्यात वारा भरावा तशी सहज फुगत होती. डॉक्टरीणबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. दिवसभर ऐकावं असा आवाज होता तो.

मग त्यांनी चकती उचलली.

कानातला श्वास थांबला नाही. चकती हवेत होती, मुलीच्या छातीपासून वीतभर दूर, टेबलाच्या मोकळ्या बाजूला. एक श्वास आला. किंचित थांबून आणखी एक. अगदी जवळून, शांत, झोपलेल्या बाळाचा.

मुलगी त्या मोकळ्या बाजूला वळून हसत होती.

"सगळं ठीक आहे ना, मॅडम?" बापाने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप कानातून काढला आणि सावकाश गळ्यात अडकवला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "छान वाढतायत."